तोंड आलं, माता आली

रायपूरच्या तात्यापाऱ्यात वडिलांचं औषधांचं दुकान होतं. फार्मसीची पदवी घेऊन १९८३ मध्ये मी त्यांच्याबरोबर काउंटरवर उभी राहू लागले. त्याच पावसाळ्यात आरंगकडच्या एका खेड्यातून एक बाई आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्याच्या ओठांवर काळपट लाल खपल्या धरल्या होत्या, डोळे चिकटले होते, छातीवर फोड होते. पसिया, म्हणजे भाताची पेज, तीही गिळवत नव्हती.

"माता आए हे, दीदी," ती म्हणाली. घरी कडुलिंबाचा पाला टांगून झाला होता, फोडणी बंद होती. तिला फक्त जिभेला लावायचं बोरोग्लिसरीन हवं होतं.

भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. देवी गेली, तरी अंगावर फोड उठले की इकडे पहिला शब्द 'माता' हाच. आपल्या मराठी घरांतही नुसतं तोंड आलं तर 'उष्णता झाली' म्हणून गुलकंद आणि ताक. या दोन्ही समजुतींखाली एक वेगळाच आजार वर्षानुवर्षं झाकला गेला.

वडिलांनी बोरोग्लिसरीनची बाटली काढलीच नाही. विचारलं, "गोळी कोणती चालू आहे?" बाईने पदराची गाठ सोडली. आत क्षयाच्या गोळ्या होत्या, आयसोनियाझिड आणि थायासेटाझोन एकत्र असलेल्या. सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.

औषधाच्या रिअॅक्शनने होणाऱ्या या आजाराचा लेखी इतिहास शंभरहून अधिक वर्षांचा आहे. १८६६ मध्ये व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी गोल चकत्यांच्या पुरळाला 'एरिथेमा मल्टिफॉर्मे' असं नाव दिलं. १९२२ मध्ये न्यूयॉर्कचे स्टीव्हन्स आणि जॉन्सन यांनी दोन मुलांची हकिकत छापली: ताप, तोंडात जखमा, डोळे सुजलेले, अंगावर पुरळ. त्यांना तो एक नवाच ताप वाटला. औषधांकडे बोट वळलं ते नंतर. १९३५ मध्ये संशोधक डोमाक यांनी सल्फा औषधाचे गुण जगासमोर मांडले. त्याने असंख्य जीव वाचवले, पण काही थोड्यांची कातडी त्यानेच सोलली. थायासेटाझोनही डोमाक यांच्याच प्रयोगशाळेतून आलं. १९५६ मध्ये डॉ. लायेल यांनी या आजाराचं सर्वांत भयंकर रूप वर्णिलं, ज्यात कातडी उकळतं पाणी पडल्यासारखी सुटून येते.

या आजारात होतं असं, की शरीराची रक्षक फौज औषधाला शत्रू समजते आणि आपल्याच कातडीच्या, तोंडाच्या, डोळ्यांच्या पेशी मारत सुटते. बहुधा गोळी सुरू झाल्यापासून चार दिवस ते चार आठवडे या काळात हे घडतं. अनेकदा कातडीच्या आधी तोंडच बोलतं.

थायासेटाझोन स्वस्त होतं, म्हणून आपल्या क्षय कार्यक्रमात ते बरीच वर्षं चाललं. एचआयव्ही असलेल्यांना ते जीवघेणं ठरतं हे आफ्रिकेत उघड झालं, आणि नव्वदच्या दशकात ते मागे पडलं. पण सल्फा, फेफऱ्यावरचं कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, युरिक अॅसिडवरचं अॅलोप्युरिनॉल आजही कपाटात आहेत, आणि असायलाच हवीत. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी कार्बामाझेपिनची ही रिअॅक्शन एका विशिष्ट जनुकाशी जोडली. आता गोळी देण्याआधी ती तपासणी करता येते.

तो मुलगा त्याच दिवशी डीकेएसमध्ये दाखल झाला. दाऊ कल्याण सिंह यांच्या दानातून उभा राहिलेला तो दवाखाना. छत्तीसगढ राज्य झाल्यावर त्याच इमारतीत काही वर्षं मंत्रालय बसलं, आता तिथे पुन्हा रुग्ण आहेत. मुलगा वाचला. डोळे मात्र कायमचे कोरडे राहिले.

तो घरी निघाला तेव्हा वडिलांनी जाड कागदावर लाल शाईने गोळीचं नाव लिहिलं, खाली 'कभी नहीं' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं. बाईला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद पदराच्या त्याच गाठीत बांधला. पुढे बऱ्याच वर्षांनी तो मुलगा तापाचं औषध घ्यायला दुकानात आला. मी काही विचारायच्या आत त्याने खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तो कागद काढून काउंटरवर ठेवला.

आता अशा रिअॅक्शनची नोंद करायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी क्रमांक आहे, आणि मी तो प्रत्येकाला देते. पण तोंड आलं म्हणून कुणी जेल मागायला आलं, की माझा हात ट्यूबकडे जात नाही. आधी वडिलांचाच प्रश्न विचारते: गोळी कोणती चालू आहे?