विषयांतराचे भय

गाय आणि नदी यांची एक गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. विद्यार्थ्याने गाईवरचा निबंध पाठ केलेला. परीक्षेत विषय आला नदीचा. पठ्ठ्याने नदीविषयी दोन ओळी लिहिल्या, नदीकाठी एक गाय चरायला सोडली आणि पुढे पानभर तिचे चार पाय, दोन शिंगे व दुधाचे उपयोग यथासांग वर्णिले. या गोष्टीला आपण हसतो ते परीक्षकाच्या खुर्चीत बसून. पण त्याच वर्गात आणखी एक विद्यार्थी असतो. त्याने काहीच पाठ केलेले नसते. नदीविषयी लिहिता लिहिता त्याला धरणाखाली गेलेले आजोळ आठवते आणि त्याची लेखणी थबकते: हे विषयाला धरून होईल ना? समासात तांबड्या शाईने लिहिल्या जाणाऱ्या 'विषयांतर' या शेऱ्याचे भय अधिक असते ते या दुसऱ्या विद्यार्थ्याला. हे भय आले कोठून, हे पाहू गेल्यास निबंधाचे दोन वेगळे इतिहास समोर येतात.

पहिला इतिहास साहित्याचा. फ्रान्समध्ये १५८० साली माँतेन्यने आपल्या लेखनाला जे नाव दिले त्याचा अर्थ 'प्रयत्न' अथवा 'पारख' असा होतो. विषय हे त्याच्या दृष्टीने निघण्याचे ठिकाण होते. १५८८च्या आवृत्तीत आलेला त्याचा 'गाड्यांविषयी' हा निबंध पाहावा. तो शिंकेच्या कारणापासून बोलू लागतो, बोट लागण्याकडे वळतो, गाड्यांना ओझरता स्पर्श करतो, रोमन सम्राटांच्या उधळपट्टीत रमतो आणि अखेर मेक्सिको व पेरू येथे स्पॅनिश विजेत्यांनी केलेल्या क्रौर्यावर येऊन ठेपतो. शेवटी पेरूच्या राजाला सिंहासनासह खांद्यावर वाहून नेणारी माणसे दिसतात आणि वाहनाचा विषय पुन्हा हाती लागतो. विषयाला चिकटून राहता तर वसाहतवादाच्या आरंभकाळातील ही थोर टीका त्याच्या हातून लिहूनच झाली नसती.

दुसरा इतिहास परीक्षेचा. आणि तो याहून जुना आहे. चीनमध्ये राज्यकारभारासाठी माणसे निवडणाऱ्या परीक्षांना शतकानुशतकांची परंपरा होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तेथे 'अष्टपाद' निबंधाचा साचा पक्का झाला. विषय म्हणून कन्फ्यूशियन ग्रंथांतील एखादे वचन दिले जाई. आरंभीच्या एकदोन वाक्यांतच उमेदवाराने त्या वचनाची फोड करून दाखवावी लागे आणि पुढचे समांतर परिच्छेद ठरलेल्या क्रमाने यावे लागत. या काटेकोरपणाची थट्टा पुष्कळ झाली आहे. पण त्यामागे न्यायाची एक कल्पना होती. उमेदवाराचे नाव झाकले जाई. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून लेखनिक उत्तरपत्रिकेची नक्कल करीत. नानजिंगच्या परीक्षास्थानी वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. इतक्या माणसांचे लेखन एका मापाने मोजायचे तर साचा हवा आणि विषयाचे कुंपणही हवे.

कुंपण आले तशी पळवाटही आली. नेहमीच्या वचनांवरील नमुना निबंध छापून विकले जाऊ लागले आणि उमेदवार ते मुखोद्गत करू लागले. त्यावर परीक्षकांनी तोड काढली: दोन असंबद्ध वचनांचे तुकडे जोडून विषय द्यायचे. गाय आणि नदी यांची गाठ येथे परीक्षकांनीच घालून दिली, असे म्हणता येईल. १९०५ मध्ये ही सारी परीक्षाव्यवस्था रद्द झाली.

साचा मोडला तरी प्रश्न मिटला नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या 'सॅट' या परीक्षेत मार्च २००५ पासून २५ मिनिटांचा निबंध आला. दोन परीक्षक प्रत्येकी १ ते ६ गुण देत. दिलेल्या विषयावर नसलेल्या निबंधाला शून्य मिळे. एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी त्याच वर्षी उपलब्ध नमुने तपासून दाखवले की गुण निबंधाच्या लांबीबरोबर चढत जातात आणि तपशिलाच्या चुकांनी ते फारसे घटत नाहीत. म्हणजे इतिहासाची तोडमोड चालत होती. चालत नव्हते ते विषय सोडणे. २०१६ मध्ये हा निबंध ऐच्छिक झाला आणि जून २०२१ नंतर सर्वसाधारण परीक्षेतून वगळला गेला. आपल्या संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत १९९३ पासून निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे आणि ती मराठीतूनही लिहिता येते. विषयाला धरून राहावे, ही अपेक्षा तेथील अभ्यासक्रमातच नोंदलेली आहे.

मराठीत हे दोन्ही इतिहास एकाच वर्गात येऊन भेटतात. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा प्रतिपादन हा निबंधाचा प्राण होता. पुढे फडके, खांडेकर, काणेकर यांनी लघुनिबंध रुजवला आणि क्षुल्लक निमित्तावरून मनसोक्त भटकणे हा गुण ठरला. आपण वर्गात हा लघुनिबंध रसाळपणे शिकवतो, त्यातील स्वैरतेवर टीपा लिहून घेतो; आणि निबंधाचा प्रश्न तपासताना त्याच स्वैरतेचे गुण कापतो. विद्यार्थी गोंधळला तर दोष त्याचा कसा म्हणावा?

परीक्षकाचा नियम निरर्थक आहे, असे मला म्हणायचे नाही. पाठ केलेली गाय ओळखायला तो लागतोच. प्रश्न आहे तो गाय आणि आजोळ यांतला भेद ओळखण्याचा, आणि त्यासाठीचे माप आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात मूळ पद घेतात, निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यानाबरोबर कोठल्या कोठे जातात. श्रोता अस्वस्थ होत नाही, कारण बुवा मूळ पदावर परतणार हे त्याला ठाऊक असते. आणि परततात तेव्हा त्याच पदाला आता वेगळा अर्थ आलेला असतो. नदीकाठी बांधलेली गाय नदीकडे परत येत नाही. धरणाखाली गेलेले आजोळ मात्र नदीचाच एक अर्थ सांगते.

म्हणून 'विषयांतर' हा शेरा लिहिण्यापूर्वी आपण शेवटचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा. मुलगा नदीवर परतला असेल, तर तो गेला होता कोठे हेच आपल्याला तपासायचे आहे.