विसावा, विटाळ आणि व्यायाम

खानदेशातल्या कित्येक घरांत मुलीला पाळी आली की ‘कावळा शिवला’ म्हणत आणि तिला चार दिवस बाजूला बसवत. या बाजूला बसण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. एक विटाळ, दुसरा विसावा. पहिल्याने अपमान होई, दुसऱ्याने कामातून थोडी सुटका मिळे. ओटीपोटात कळा येत असतील तर गरम शेक, ओव्याचे पाणी आणि ‘बाईच्या जातीला हे सोसावेच लागते’ हे वाक्य, एवढाच उपचार असे. या दुखण्यावर शरीराची हालचाल हा उपाय असू शकतो, हा विचार कुठून आला आणि तो कोणी तपासून पाहिला का, याचा शोध घेताना एक धागा जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरपर्यंत येऊन पोहोचतो.

पाळीत बाईने विसावा घेतलाच पाहिजे, हे मत केवळ आपल्या आजीबाईंचे नव्हते. १८७३ साली अमेरिकेत डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी पुस्तक लिहून असे मांडले, की मुलींनी मुलांसारखा सलग अभ्यास केला तर त्यांच्या प्रजननसंस्थेची हानी होते. म्हणून पाळीच्या दिवसांत त्यांना अभ्यासातून आणि श्रमातून सुटी हवी. सुटीचे निमित्त करून शिक्षणाचेच दार लोटून घेणारा हा युक्तिवाद होता. न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी पुटनम जेकोबी यांनी त्याला उत्तर दिले ते आकड्यांनी. त्यांनी स्त्रियांना प्रश्नावल्या पाठवल्या, २६८ जणींची उत्तरे मिळवली, नाडीचे आलेख काढले. निरोगी स्त्रीला पाळीत सक्तीच्या विश्रांतीची गरज नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८७६ साली त्यांच्या निबंधाला हार्वर्ड विद्यापीठाचेच बॉयलस्टन पारितोषिक मिळाले.

पुढच्या पिढीत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉ. क्लीलिया मोशर यांनी विद्यार्थिनींना प्रत्यक्ष व्यायामच सांगितला. पाठीवर निजायचे, गुडघे दुमडायचे आणि श्वासाबरोबर पोट सावकाश वर-खाली करायचे. कंबर आवळणारे कपडे, जड घागरे, उथळ श्वास आणि बैठे जगणे यांनी दुखणे वाढते, असे त्यांचे म्हणणे होते.

साधारण त्याच सुमारास अमळनेरात जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षक खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवत होते. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले होते, आणि माळसरच्या परमहंस माधवदासांकडे योग शिकले होते. पुढे हेच स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रयोग केले. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही सुरू झाले. मोशर आणि गुणे यांच्या कामाचा परस्परांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र परंपरा सांगते म्हणून किंवा डॉक्टर सांगतो म्हणून नव्हे, तर मोजून पाहू आणि मग बोलू, ही दोघांचीही रीत होती.

गुण्यांच्या त्या प्रयोगांचा विषय पाळी नव्हता. आखाडा आणि तालीम हे मुलग्यांचेच जग होते. स्त्रियांच्या व्यायामाचा विचार हळूहळू स्त्रियांनीच पुढे नेला. मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटच्या सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ साली स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिले. पुण्याच्या गीता अय्यंगार यांचे स्त्रियांसाठीचे योगपुस्तक १९८३ साली आले. त्यांनी महिन्याचेच दोन भाग केले. पाळीच्या दिवसांत शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी उलटी आसने नकोत, आधार घेऊन केलेली सौम्य आसने चालतील. उरलेल्या दिवसांत मात्र नियमित सराव हवा. विसावा आणि व्यायाम यांचे भांडण त्यांनी असे वेळापत्रकाने सोडवले.

दरम्यान दुखण्याचे कारणही कळले. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती जास्त झाली की गर्भाशय जोराने आकुंचन पावते, त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि कळा येतात. म्हणजे हे दुखणे मनाचे खेळ नव्हे आणि नाजूकपणाही नव्हे. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या हीच द्रव्ये कमी करतात.

आणि व्यायाम? जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून निदान तीनदा, दर वेळी ४५ ते ६० मिनिटे व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, शंभराच्या मोजपट्टीवर सुमारे २५ अंकांनी कमी आढळले. व्यायाम सौम्य होता की जोराचा, याने फारसा फरक पडला नाही. मात्र पुरावा कमी दर्जाचा आहे, हेही आढाव्यात स्पष्ट म्हटले आहे. व्यायाम गोळीइतका गुणकारी आहे का, याचे पक्के उत्तर त्यातून मिळत नाही.

या निष्कर्षाचा खानदेशात उलटा अर्थ लागण्याचा धोका आहे. दिवाळीच्या तोंडावर कापूस फुटतो. दिवसभर वाकून वेचणी करणाऱ्या मुलीला ‘हालचाल केली की दुखत नाही म्हणे’ असे सुनावणे सोपे आहे. पण चाचण्यांत तपासला गेला तो ठरवून, आपल्या वेगाने, हवे तेव्हा थांबता येईल असा व्यायाम. दुसऱ्याच्या वेगाने केलेली मजुरी नव्हे. दुसरी अडचण जागेची. आठवड्यातून तीन वेळा तासभर म्हणजे महिन्याला बारा-तेरा तास. जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर संध्याकाळी मुलगे क्रिकेट खेळतात. त्याच वेळी मुलीला घरी पाणी भरायचे असते. २०१८ साली राज्यात अस्मिता योजना आली आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत मिळू लागले. ते आवश्यकच होते. पण त्यात विचार रक्ताचा झाला, कळांचा नाही. शाळेच्या वेळापत्रकातला खेळाचा तास मुलींनाही खरोखर मिळाला, तर त्याला वेगळा निधी लागत नाही.

ज्या मुलीला करून पाहायचे असेल तिने पाळी येण्याची वाट पाहू नये. भराभर चालणे, धावणे, ताणाचे व्यायाम, योगासने यांतले जे जमेल ते महिनाभर नियमाने करावे, आणि दर पाळीला दुखणे दहापैकी किती, हे वहीत लिहावे. तीन महिन्यांनी वही पुढ्यात घेऊन स्वतःच ठरवावे. गोळी घेण्यात कमीपणा नाही. मात्र पोटात जखम किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. दुखणे वर्षागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही राहत असेल किंवा गोळीनेही शाळा बुडणे थांबत नसेल, तर व्यायामावर विसंबू नये. अशा वेळी एंडोमेट्रिओसिससारखा आजार असू शकतो आणि त्याची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच व्हायला हवी.

क्लार्कने मुलींना न विचारताच त्यांच्यासाठी विश्रांती ठरवली होती. त्यांना न विचारता व्यायाम ठरवणे हीदेखील तीच चूक होईल. जेकोबींनी आधी २६८ जणींना विचारले होते.