तांबड्या वाटीची लढाई

स्वयंपाक रोज होतो, आणि जे रोज होते त्याचा इतिहास लिहायला सहसा कोणी बसत नाही. राजेरजवाड्यांच्या लढायांच्या तारखा आपण लहानपणी घोकलेल्या असतात. पण अमुक गावी अमुक साली दोन माणसांनी समोरासमोर चुली मांडल्या, आणि चव कोणाची सरस यावरून लोक हमरीतुमरीवर आले, ही हकीकत शाळेच्या पुस्तकात सापडायची नाही. आज सांगायची आहे ती अशाच एका लढाईची हकीकत. तारीख २१ ऑक्टोबर १९६७. रणांगण अमेरिकेतल्या टेक्सस राज्याच्या नैऋत्येला, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळचे टर्लिंग्वा नावाचे ओसाड गाव. शस्त्रे म्हणाल तर पातेले, पळी आणि वाळलेल्या लाल मिरच्या.

ज्या पदार्थावरून ही लढाई झाली त्याचे नाव ‘चिली’. त्याचे पूर्ण स्पॅनिश नाव ‘चिली कॉन कार्ने’, म्हणजे मिरचीतले मांस. गोमांसाचे बारीक तुकडे चरबीवर परतायचे, वाळलेल्या मिरच्या भिजवून वाटून त्यात घालायच्या, लसूण, जिरे आणि ओरेगानोचा पाला टाकायचा आणि मंद आचेवर तासन् तास शिजू द्यायचे. टेक्ससचे लोक लाडाने त्याला ‘तांबड्याची वाटी’ म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला हे नाव वेगळे समजावून सांगायला नको. तांबडा रस्सा म्हटला की त्याच्या डोळ्यांपुढे जो रंग उभा राहतो, साधारण तोच हा रंग.

या वाटीत दोन जगे एकत्र आली आहेत, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. मिरची मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपल्या पूर्वजांचे तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. उलट गुरे आणि जिरे ही दोन्ही जुन्या जगातली. ती स्पॅनिश लोकांनी समुद्रापलीकडे नेली. म्हणजे आपल्या पाट्यावरची मिरची त्यांच्याकडची, आणि त्यांच्या पातेल्यातलं जिरं इकडच्या बाजूचं! हिशेब चुकता झाला म्हणायचा.

आता ही चिली मुळात कोणाची? भांडणाचे खरे मूळ इथे आहे. टेक्ससमध्ये सॅन अँटोनिओ नावाचे जुने शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या मोठ्या चौकांत संध्याकाळ झाली की मेक्सिकन वंशाच्या बायका फळ्यांची लांब मेजे मांडीत, कंदील लावीत, शेगडीवर पातेली चढवीत, आणि गाडीवान, शिपाई, व्यापारी, प्रवासी अशा सगळ्यांना काही सेंटांत चिली वाढीत. घरच्या चुलीवर रांधायचे आणि चौकात आणून विकायचे. लोक त्यांना ‘चिली क्वीन’, म्हणजे चिलीच्या राण्या, म्हणत. राणीपण नावापुरते, कष्ट मात्र रात्री उशिरापर्यंतचे. १८९३ साली शिकागोला जे मोठे जागतिक प्रदर्शन भरले त्यात सॅन अँटोनिओच्या चिलीचे दुकान होते, आणि तिथून हा पदार्थ देशभर ओळखीचा झाला. त्याच दशकात विलियम गेबहार्ट नावाच्या जर्मन गृहस्थाने मिरच्या वाळवून दळून त्यांची तयार पूड विकायला काढली. घरोघरी वाटण वाटायचे श्रम संपले, आणि पदार्थ बाटलीतून कुठेही जाऊ लागला.

पण राण्यांचे काय झाले? १९३७ साली शहराच्या आरोग्य खात्याने स्वच्छतेच्या कारणाने त्यांना चौकातून उठवले. पुढे मॉरी मॅव्हरिक हे महापौर झाल्यावर त्यांनी जाळीच्या तंबूंत का होईना, पण या बायकांना पुन्हा बसू दिले. तेही फार काळ टिकले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ती मेजे आणि ते कंदील कायमचे उठले. स्वच्छता हवी, यात वाद नाही. पण ज्यांच्या हाताने एक पदार्थ देशभर गेला त्यांना नळ, मोरी, ओटा बांधून देण्यापेक्षा उठवून लावणे सोपे वाटले, हेही खरे. आपल्या शहरांतही खाऊगल्लीवर असे प्रसंग येतात, तेव्हा हिशेब याच रीतीने होतो.

आणि मग थोड्याच वर्षांत हाच पदार्थ सुखवस्तू माणसांच्या हौसेचा झाला. १९५१ साली डॅलस शहरातल्या काही मंडळींनी चिलीच्या चाहत्यांची एक सभाच स्थापन केली. १९५२ मध्ये जो कूपर या लेखकाचे चिलीवर एक पुस्तक निघाले, आणि त्याच साली टेक्ससच्या राज्य जत्रेत चिली रांधण्याची स्पर्धा लागली. ती जिंकली डॅलसच्या मिसेस एफ. जी. व्हेंचुरा यांनी. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पंधरा वर्षांनी टर्लिंग्वाला जी लढाई झाली तिला पुष्कळजण ‘पहिली स्पर्धा’ म्हणतात. पहिली स्पर्धा एका बाईने जिंकलेली होती. गवगवा मात्र पुरुषांच्या स्पर्धेचा झाला.

टर्लिंग्वाची लढाई पेटली ती छापील कागदावरून. फ्रँक टॉलबर्ट हे डॅलसच्या वृत्तपत्राचे स्तंभलेखक. त्यांनी १९६६ साली चिलीवर ‘तांबड्याची वाटी’ याच अर्थाच्या नावाचे पुस्तक काढले. पुस्तक खपायचे तर चर्चा हवी, आणि चर्चा व्हायची तर भांडणासारखा उपाय नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्ह चेसन या नामांकित खानावळवाल्याला टेक्ससच्या विक फाउलरशी भिडवायचे ठरत होते. चेसन आजारी पडले. पण इतक्यात १९६७ च्या ऑगस्टमध्ये ‘हॉलिडे’ मासिकात एच. ॲलन स्मिथ या विनोदी लेखकाचा लेख आला. चिलीतले माझ्याइतके कोणालाच कळत नाही, अशा अर्थाचा त्याचा मथळा! हे गृहस्थ जन्माने इलिनॉयचे, राहणारे न्यूयॉर्ककडचे, आणि चिलीत चक्क घेवड्याचे दाणे घालणारे. टेक्ससच्या माणसाला चिलीत दाणे म्हणजे आपल्याकडे कोणी पुरणपोळीत लसूण घालावा तसे. आयताच शत्रू मिळाला. स्मिथ यांना आव्हान गेले, आणि त्यांनी ते स्वीकारले.

टेक्ससच्या बाजूने उभे राहिले विक फाउलर. हे महायुद्धात वार्ताहर होते, आणि पुढे चिलीच्या मसाल्याची पाकिटे विकणारे व्यापारी. म्हणजे हौशी आणि धंदेवाईक यांच्या सीमारेषेवर एक पाय इकडे, एक तिकडे. गंमत अशी की शुद्ध चिलीचे हे सेनापती आपल्या चिलीत टोमॅटोची चटणी घालीत, आणि कट्टर मंडळींना टोमॅटोही चालत नाही. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत असे नेहमीच होते. ज्याला आपण सोवळ्याचा कळस समजतो, त्याच्याही पातेल्यात काहीतरी सापडतेच.

गावाची निवडही सहज झालेली नव्हती. टर्लिंग्वा हे एके काळचे पाऱ्याच्या खाणींचे गाव. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीसएक वर्षांत तिथल्या हिंगुळातून पारा काढला जाई. खाणीत उतरणारे मजूर बहुतेक मेक्सिकन. १९४२ मध्ये मुख्य कंपनीचे दिवाळे वाजले, पुढे खाणी थांबल्या, माणसे निघून गेली, आणि मातीच्या विटांची बिनछपराची घरे तेवढी उरली. साठीच्या दशकात त्या भागातली फार मोठी जमीन डॅलसचे वकील डेव्हिड विट्स आणि मोटारींच्या शर्यतींतले प्रसिद्ध कॅरोल शेल्बी यांच्या ताब्यात होती. जमीन विकायची तर लोकांनी ती जागा पाहायला यायला हवे. तेव्हा लेखकाचे पुस्तक, व्यापाऱ्याचा मसाला आणि मालकांची जमीन असे तीन जाहिरातींचे सरपण त्या एका चुलीखाली होते. मैत्रीची लढत खरी, पण ती निव्वळ निष्पाप होती असे समजायचे कारण नाही.

परीक्षक तीन. हॅली स्टिलवेल या त्या मुलखातल्या सत्तरीच्या बाई, गुरांचे मोठे रान सांभाळलेल्या आणि स्थानिक न्यायाधीश. दुसरे फ्लॉइड श्नायडर, टेक्ससच्या एका बिअर कंपनीचे अधिकारी. तिसरे खुद्द विट्स, जे त्या ओसाड गावाचे महापौर म्हणून मिरवत. स्टिलवेलबाईंनी कौल दिला स्मिथ यांना. तिथल्या मातीत हयात घालवलेली बाई, आणि मत परक्याला! मला वाटतं, त्या दिवशी खरी परीक्षा कोणी केली असेल तर ती बाईंनी. श्नायडर यांनी फाउलर यांना मत दिले. उरले विट्स. त्यांनी घास तोंडात घेतला, थुंकून टाकला आणि जाहीर केले की आपली जीभच कामातून गेली, निकाल देणे अशक्य. सबब लढाई बरोबरीत. पुढचा निकाल पुढच्या वर्षी. वकिलाच्या तोंडून तारीख निघाली, याचे नवल नको.

पुढच्या वर्षी लढाई झाली, पण निकाल तेव्हाही लागला नाही. बंदूकधारी बुरखेवाल्यांनी मतपेटीच पळवली आणि शौचकूपात टाकली, असे सांगतात. चोर आणि साव एकाच कंपूतले होते, असा संशय घ्यायला पुष्कळ जागा आहे. पण या थट्टेतूनच एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. आपण चेष्टेने जमलो असलो, तरी हरलेल्या माणसाला ती चेष्टा वाटत नाही. आठ तास पातेल्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला न्याय हवा असतो. मग नियम आले.

हे नियम पाहण्यासारखे आहेत. पदार्थ त्याच दिवशी, त्याच जागी, आरंभापासून रांधायचा. घरून शिजवून आणायचा नाही. दाणे नाहीत, भात नाही, शेवया नाहीत. प्रत्येकाची चिली सारख्याच पेल्यात द्यायची, आणि पेल्यावर नाव नाही, फक्त क्रमांक. त्या क्रमांकाची जोडचिठ्ठी रांधणाऱ्यापाशी. निकालानंतर ती दाखवली तरच बक्षीस. परीक्षकाने दर पेल्याला नवा चमचा घ्यायचा. गुण द्यायचे ते वासाला, रंगाला, दाटपणाला, चवीला आणि घास गिळल्यावर मागे राहणाऱ्या चवीला. हे शेवटचे कलम मला फार आवडते. पहिल्या घासाला वाहवा मिळवणारे तिखट पुष्कळ असते. गिळल्यावर जिभेवर काय राहते ते पाहणारा परीक्षक विरळा.

नाव झाकून चव पाहायची ही कल्पना आपल्याला काही नवी नाही. महाभारतातल्या नलोपाख्यानात नळराजा बाहुक नावाने, कुरूप होऊन, सारथ्याचे काम करीत असतो. दमयंतीला संशय येतो. ती केशिनी दासीकडून त्याने शिजवलेले मांस गुपचूप आणवते, एक घास चाखते आणि ओळखते की हा हात नळाचाच. चेहरा बदलला, नाव बदलले. हाताची चव बदलली नाही. टर्लिंग्वाच्या मंडळींनी ही कथा ऐकली असण्याचा संभव नाही, पण त्यांच्या चिठ्ठ्यांच्या नियमामागची श्रद्धा तीच आहे.

नावे झाकली, तरी चुलीपाशी उभे कोणी राहायचे हा प्रश्न उरलाच. सुरुवातीला या रिंगणात बायकांना मज्जाव होता. म्हणजे पाहा, ज्या पदार्थाला चौकातल्या बायकांनी मोठे केले, ज्याची राज्य जत्रेतली स्पर्धा एका बाईने जिंकली, त्याच्या स्पर्धेत बाईला जागा नाही! १९७० च्या सुमारास लकेनबाख नावाच्या चिमुकल्या खेड्यात बायकांनी फक्त बायकांची स्पर्धा भरवून याला उत्तर दिले. भाषणे नाहीत, अर्ज नाहीत. सरळ चुली पेटवल्या. टर्लिंग्वाचे दार मग उघडावेच लागले, आणि १९७४ साली ॲलेगॅनी जॅनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईंनी तिथली स्पर्धा जिंकली. १९७७ मध्ये टेक्ससच्या विधिमंडळाने ठराव करून चिलीला राज्याचा पदार्थ ठरवले.

यापुढचा इतिहास कोणत्याही मंडळाच्या इतिहासासारखा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७५ च्या सुमारास एक गट फुटून आपली जागतिक स्पर्धा कॅलिफोर्नियाला घेऊन गेला. १९८३ मध्ये टर्लिंग्वातच दुसरी फूट पडली, आणि तेव्हापासून नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी त्या एवढ्याशा गावात दोन वेगवेगळ्या स्पर्धा भरतात. दोन मंडप, दोन परीक्षकमंडळे, दोन जगज्जेते. आपल्याकडे एका गणपतीचे दोन गणपती होतात, तसेच. एक मात्र दोन्हीकडे चांगले आहे. गावोगावच्या छोट्या स्पर्धांतून जमणारा पैसा आजारी माणसांच्या, शाळांच्या, कोणा अडलेल्या कुटुंबाच्या कामी लावतात. आणि रांधणारे अजून बहुतेक हौशीच आहेत. आठवडाभर नोकरी करायची, शनिवारी पातेले मोटारीत टाकून निघायचे, आणि शेजारच्या पातेल्यातले जिरे कमी पडले तर आपल्यातले द्यायचे. प्रतिस्पर्ध्याला जिरे देणारी लढाई मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

टर्लिंग्वाच्या कडेला खाणमजुरांचे जुने स्मशान आहे. दगडांचे ढीग, लाकडी क्रूस, बहुतेक नावे मेक्सिकन. २ नोव्हेंबरला, पितरांच्या दिवशी, तिथे थडग्याथडग्यावर मेणबत्त्या लावतात आणि खाण्याचे ताट ठेवतात. स्पर्धा त्याच आठवड्यात येते. दूरदूरहून पातेली घेऊन आलेली कित्येक माणसे त्या संध्याकाळी आधी तिकडे जातात, आणि मग आपापल्या मिरच्या निवडायला बसतात.