माकड, भिक्षू आणि भांदक

चिनी मालिका बघतो म्हटलं की ऑफिसात लोक विचित्र नजरेने बघतात. कोरियन चालतं, तुर्की चालतं, पण चिनी म्हटलं की लगेच, "तुला कळतं का रे काही?" सबटायटल्स असतात हो मंडळी! तर, मी 'शी यौ ची' ह्या मालिकेचा अट्टल पंखा आहे. एक भिक्षू, त्याचा माकडतोंड्या चेला सुन वुखोंग, एक डुक्करतोंड्या आणि एक गंभीर शिष्य असे चौघे धर्मग्रंथ आणायला भारताकडे निघतात, ही गोष्ट. मूळ कादंबरी सोळाव्या शतकातली.

मालिका चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीची, दिग्दर्शिका यांग च्ये. पहिला नमुना भाग १ ऑक्टोबर १९८२ ला दाखवला गेला. (त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २६ ऑगस्टला, आमच्या चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. संबंध काही नाही, पण आम्हा चांदेकरांच्या तारखा अशाच लक्षात राहतात.) बहुतेक शूटिंग एकाच कॅमेऱ्यावर झालं. पंचवीस भाग पुरे व्हायला सहा वर्षं लागली. ह्या काळात भिक्षूचं काम करणारे नट दोनदा बदलले, माकड मात्र शेवटपर्यंत एकच. ते काम करणाऱ्या नटाच्या घराण्यात माकडाच्या भूमिका करण्याची परंपराच होती.

आता मुद्दा. ह्यातला भिक्षू म्हणजे शाळेच्या इतिहासातला आपला युआन श्वांग. खरा माणूस माकडाविना आला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला. मालिका ग्रंथ मिळाल्यावर आवरती होते. खरा युआन श्वांग मात्र नालंदेत शिकून दक्षिणेकडे निघाला, आणि इथे आमचं गाव गोष्टीत येतं.

तो लिहितो, कलिंगातून वायव्येला डोंगरजंगलांतून १८०० ली चालल्यावर कोसल देश लागतो. राजा क्षत्रिय, पण बुद्धाला मानणारा, शंभरेक विहार. इथे नागार्जुन राहिला होता असंही तो सांगतो. हा उत्तरेतला अयोध्येचा कोसल नव्हे, दक्षिण कोसल. पण त्याची राजधानी कुठली? गावाचं नाव त्याने दिलेलंच नाही!

कनिंगहॅमने १८७१ च्या पुस्तकात चांद्याचं नाव पुढे केलं. फर्ग्युसनने एका मैलाला सहा ली धरून हिशोब केला आणि दोन नावं काढली: भांदक, म्हणजे आजचं भद्रावती, आणि वैरागड, जे आज गडचिरोलीत आरमोरी तालुक्यात आहे. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांना एकेक उमेदवार. :-) त्यातही त्याचा कल वैरागडकडे होता.

आता हे गणित तपासून बघू. मैलाला सहा ली धरले तर १८०० ली म्हणजे ३०० मैल, साधारण ४८० किलोमीटर. पाच धरले तर ३६० मैल, ५८० किलोमीटर. फरक शंभर किलोमीटरचा, म्हणजे भांदक धरायचं की नागपूर, एवढा! पुढे तो म्हणतो, कोसलहून दक्षिणेला ९०० ली गेलं की आंध्र. भांदकहून २४० किलोमीटर सरळ खाली वरंगळ येतं. जमलं की! पण त्याने सांगितलेली आंध्राची राजधानी म्हणजे वेंगी, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ती गोदावरीपलीकडे, एलुरूजवळ. तिथपर्यंत ९०० ली पुरतच नाहीत. थोडक्यात, इनपुटच एवढं ढोबळ असेल तर आउटपुटमध्ये हवं ते गाव बसवता येतं.

म्हणून पुरावा जमिनीतून यावा लागतो. तो आला छत्तीसगडमधल्या सिरपूरहून. १९५० च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं. सातव्या शतकातल्या महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळातला, शिलालेखासकट मोठा बौद्ध विहार सापडला. त्यामुळे आज बहुतेक अभ्यासकांचं मत सिरपूरच्या बाजूने आहे. (अंतराचं गणित तिथेही नीट जुळत नाही, पण राजा, राजधानी आणि विहार एकाच काळात एका ठिकाणी सापडणं हे ढोबळ मैलांपेक्षा भारी.)

मग आमच्या भांदकचं काय? "युआन श्वांग आमच्या गावी आला होता" हे वाक्य सोडायला जीवावर येतं. चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. त्या दीक्षेतून आलेल्या घरांसाठी इथला बौद्ध वारसा म्हणजे केवळ टूरिस्ट पॉइंट नाही. पण नेमकं म्हणूनच तो कच्च्या पुराव्यावर उभा करू नये असं मला वाटतं. उद्या कोणी सिरपूरचा शिलालेख पुढे ठेवला, की भांदकचं खरं ते पण खोट्यात जमा होईल.

आणि खरं काही कमी नाही. भद्रावतीजवळ विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहे. सरळ आत जाणारी लांब, अंधारी वाट, डाव्या-उजव्या हाताला आणखी दोन फाटे, आणि टोकाला दगडात कोरलेला बुद्ध. ती खोदणारे, तिथे राहणारे भिक्षू ह्याच मातीत वावरले. त्यांची नावं कुठल्या चिनी पुस्तकात नाहीत, आणि त्यांच्यावर मालिकाही निघाली नाही. नागपूरहून चंद्रपूरला जाताना भद्रावती रस्त्यातच लागतं. तासभर मोकळा काढा आणि सोबत टॉर्च घेऊन जा.