टॉमी जॅरेलचा गज

अमेरिकेतल्या जुन्या फिडलची, म्हणजे तिथल्या लोकसंगीतातल्या व्हायोलिनची, चाल डाव्या हाताने पाठ होते, पण नाचणाऱ्यांचे पाय हलवतं ते उजवं मनगट. टॉमी जॅरेलची ध्वनिमुद्रणं ऐकताना मला हे पुरतं पटलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या राउंड पीक भागातला हा माणूस. जन्म १९०१चा; महामार्ग खात्यात रस्ते सपाट करणारं यंत्र चालवून १९६६ साली निवृत्त झाला. वडील बेन हेही फिडलवादक, त्यामुळे चाली घरातच कानावर पडल्या. पुढे शहरांतली तरुण मुलं माउंट एअरीजवळच्या त्याच्या घरी थेट मुक्कामाला येऊ लागली. समोर बसायचं आणि गज बघत राहायचं, हीच तिथली शिकवणी.

नवशिक्याला साधारणपणे गज एकदा लांब, मग दोनदा आखूड ओढायला सांगतात. जॅरेलचं काम याहून कितीतरी गुंतागुंतीचं. तो दोन-तीन सूर एकाच ओढीत गुंफतो, गजाची दिशा ऐन ठेक्यावर न बदलता आधीच फिरवतो आणि शेजारची तार घुमती ठेवतो. ए-ई-ए-ई अशा तारा लावल्या की हा घुमारा आणखी भरतो. स्वरलिपीत सूर सापडतात. हे मनगट सापडत नाही. त्या पोरांनी अंगणात घालवलेले दिवस मला म्हणूनच अनमोल वाटतात.