तापलेल्या वाऱ्याची वाट

मुंबईहून मोटारीनें नाशकास येणाऱ्या जुन्या मंडळींना कसाऱ्याचा थळघाट आठवत असेल. वळणावळणावर गाड्या बॉनेट उघडून उभ्या असावयाच्या, रेडिएटरमधून वाफ निघत असावयाची आणि चालक पाण्याचा डबा घेऊन झरा शोधीत असावयाचा. चढावर एंजिनास कष्ट फार, आणि वेग मंद म्हणून वारा थोडा, दुखणें एवढेंच.

पुढें त्यांत नव्या उष्णतेची भर पडली. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं एक पेटंट घेतलें. एंजिनाबाहेर जाणाऱ्या तप्त वायूनेंच एक चक्र फिरवावयाचें आणि त्याच्या बळावर आंत जादा हवा कोंबावयाची, ही ती कल्पना. १९६२ सालीं ती अमेरिकेंतील प्रवासी मोटारींत आली, आणि २००२ सालीं आपल्या नाशकांत तयार झालेल्या स्कॉर्पिओंत. हें चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतें. हवा दाबली कीं तापते. म्हणून ती इंटरकूलरमध्यें निववावी लागते. स्कॉर्पिओच्या पुढील आवृत्त्यांच्या बॉनेटवर जो नाकासारखा उंचवटा दिसतो, तो त्या इंटरकूलरला वारा पाजण्यासाठीं होय. तो शोभेचा आहे असें मीही बरेच दिवस समजत होतों!

वारा आंत आला, पण जाणार कोठून? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें एका मिस्त्रीकडून आपल्या गाडीच्या बॉनेटला, समोरच्या कांचेलगत, जाळीदार भोकें पाडून घेतलीं. गाडी अधिकच तापूं लागली. आम्ही बॉनेटवर लोकरीचे धागे चिकटविले आणि गाडी जोरांत चालविली. भोकांजवळचे धागे बाहेर फडफडण्याऐवजीं आंत ओढले गेले! कांचेच्या पायथ्याशीं वारा अडतो, तेथें दाब चढतो, आणि वारा उलटा आंत घुसून रेडिएटरमागील गरम हवेची वाट अडवितो. बॉनेटच्या पुढच्या भागावर मात्र वारा वळून वेगानें जातो, तेथें दाब उतरतो. भोकें तेथें हवीं. आणि रेडिएटरच्या पाठीपासून भोकापर्यंत पत्र्याची बंदिस्त नळी हवी. वाड्यांतल्या स्वयंपाकघराचा धूरही धुराडें योग्य जागीं असेल तरच बाहेर पडतो.

ही विद्या मुळांत विमानांची. इंग्लंडांत मेरेडिथ यांनीं १९३५च्या सुमारास दाखविलें कीं, लहान तोंडांतून घेतलेला वारा रुंद नळींत मंद करून रेडिएटरमधून न्यावा आणि निमुळत्या वाटेनें बाहेर सोडावा. मग थंडाव्यासाठीं वेगाची किंमत फारशी पडत नाहीं. स्पिटफायर विमानांत ही युक्ति योजिली गेली.

घाटांत लॉरीच्या मागें रखडतांना मात्र दाबाचा हा खेळ चालत नाहीं. तेथें पंखाच राबतो, आणि वरच्या भोकांतून गरम हवा आपोआप वर निघते, तेवढाच आधार. शिवाय इगतपुरीचा पाऊस त्याच भोकांतून खालीं उतरतो. म्हणून त्या विद्यार्थ्यानें भोकांखालीं पन्हळ बसवून घेतली आहे.