पुराचा कायदा पुण्या-मुंबईत, पाणी आपल्या दारात

पावसाळा आला की आपण सगळे आयर्विन पुलाचे फूट मोजत बसतो. इशारा ४०, धोका ४५. आज जरा मागचं बघू, नियम आणि नदीकाठचा व्यवहार कुठं फाटतो ते.

मदतीची आपली जुनी पद्धत दुष्काळातनं आलीय. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजांनी फॅमिन कोड केले. आधी बघायचं, मोजायचं, आणेवारी लावायची, मग द्यायचं. दुष्काळाला हे चालतं, तो महिनोन्‌महिने येत असतो. पुराला दोन रात्री पुरतात.

२००५ च्या पावसाळ्यात सांगलीत पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं. त्याच डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेनं माणसं शिकवून तयार ठेवायची, साधनं वापरता येतील अशी ठेवायची, हेही कायद्यात लिहिलंय. लिहिलंय ते बरोबरच. पण बोट, इंजिन, जॅकेट, डिझेल आणि बोट हाकणारा माणूस घरपट्टीच्या वसुलीतनं कसा उभा करायचा? ज्या गावानं वसुली बघितलीय त्यालाच विचारा.

मग २०१९. पाणी ५७ फुटांच्या वर. ७ ऑगस्टला शासन निर्णय निघाला: घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर १० किलो गहू, १० किलो तांदूळ. दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. बोट गावातलीच होती, झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली होती. दहाच्या वर जीव गेले, त्यात बायका-पोरं. एका बाजूला घर किती दिवस बुडालं ह्याचा हिशोब, दुसऱ्या बाजूला माणसं बाहेर काढायला एक बोट. २००५ नंतरची चौदा वर्षं कुठं गेली, ते ह्या दोन तारखांत दिसतं.

आणि माणसं आधीच का निघाली नाहीत म्हणून गावालाच बोल लावणारे पुष्कळ भेटले. अहो, गोठ्यात चार म्हशी बांधलेल्या. त्या सोडून कोण जाईल? छावणीत माणसाची सोय आधी आणि जनावरांची मागनं, असं असलं की माणूस शेवटपर्यंत घरात थांबतो.

आता ऊस. नियम असा की ३३ टक्के किंवा जास्त नुकसान पायजे, मदत २०१९ ला दोन हेक्टरपर्यंत होती. बागायतीला तेव्हा हेक्टरी १३,५०० रुपये होते. (राज्यानं त्या वेळी एक हेक्टरपर्यंतच्या पीककर्जाची माफीही जाहीर केली होती, तेही सांगायला पायजे.) पीकविम्याच्या यादीत आपल्याकडं ऊस नाहीच. खरी अडचण ३३ टक्के ठरवायचे कधी ही आहे. सोयाबीन चार दिवसांत काळं पडतं, लगेच दिसतं. ऊस तसा मरत नाही. शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस वाचतो, पण कांड्यांवरचे डोळे फुटतात, वजन आणि उतारा दोन्ही जातं. पोंग्यात गढूळ पाणी बसलं तर शेंडा आतनं कुजतो, आणि बाहेरची पानं तरी काही दिवस हिरवीच. बांधावरनं बघणाऱ्याला रान उभं दिसतं. वाळलेलं दिसेपर्यंत पंचनामा करून माणूस पुढच्या गावाला गेलेला असतो.

२०२१ ला पुन्हा ५० च्या वर पाणी आलं. तेव्हा आमच्या भागात बऱ्याच जणांनी जनावरं आधीच हलवली. कुणाच्या आदेशानं नाही, भिंतीवर २०१९ ची खूण होती म्हणून. उसाच्या पंचनाम्याची रीत मात्र तीच राहिली.

म्हणून पाणी ओसरलं की सरीत उतरा. वेगवेगळ्या जागचे दहा-पंधरा पोंगे ओढा. अलगद हातात आला आणि कुजका वास आला तर तो ऊस गेला. दोन ऊस उभे चिरून फोटो काढा, तारखेसकट. आठ-दहा दिवसांनी परत तेच करा, आणि दोन्ही फोटो लावून फेरपाहणीचा अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.